पाटा नक्को

एकोणऐंशीची फियाट. डाव्या चाकाचा खालचा आर्म
गंजून पापुद्र्याला आलेला.
पुण्यापर्यंत विचारून झालं:
माल बंद आहे ताई, गाडी मोडीत काढा.

मोडीतच तर राहतो आम्ही.
साऱ्या मुलखाची मोड जालन्याला येते,
कपाटं, पंप, शाळेचे बाक, बंद पडलेल्या जिनिंगचे खांब,
भट्टीत जातात आणि सळई होऊन निघतात.
रात्री गच्चीवरून एमआयडीसीकडचं आभाळ
चुलीपुढं बसलेल्या बाईच्या गालासारखं दिसतं.

सळईच लावू का, मी विचारलं.
जब्बार उस्तादांचा चहा बशीत सांडला हसताना.
घराला ठीक आहे. घर कुठं खड्ड्यातून चालतं?

मग मी भंगारातून ट्रकचा कमानपाटा आणला,
निळसर, जड; हातोडी मारली तर
देवळातल्या घंटेसारखा वाजत राहिला.
याच्याहून मजबूत काय असणार?
"पाटा नक्को," उस्ताद म्हणाले,
आणि ग्राइंडर माझ्या हातात दिला.
वाचता येतं?
आयटीआयचा कागद आहे माझ्याकडं.
कागद नाही. ठिणगी.

शटर अर्धं ओढलं, दिवा घालवला.
पाट्याची ठिणगी आखूड, टोकाटोकाला फुटणारी,
फोडणीतल्या मोहरीसारखी तडतडून जागीच संपणारी.
मग कोपऱ्यातली विनासांध्याची पाइप लावली,
साखर कारखान्याच्या बॉयलरसाठी आलेली, न वापरता उरलेली.
तिची लांब, सरळ, पिवळी,
न फुटता पार हौदापर्यंत गेली.
ही ऐकेल, उस्ताद म्हणाले.
पाटा ऐकायचा नाही. टाक्याशेजारी त्याची काच होते,
दिसायला लोखंडच.

भिंतीत एक खिळा होता, त्याला एक तुकडा.
दोन वर्षं मी त्यावर माझा ॲप्रन अडकवत होते.
उस्तादांनी ॲप्रन बाजूला केला.
"बदनापूरच्या अलीकडं. अठ्ठ्याण्णव साल. मीच जोडला होता.
आवाजसुद्धा केला नाही त्यानं."
तुटलेलं तोंड खडीसाखरेसारखं दाणेदार.
टेम्पोत कोण होतं, मी विचारलं नाही.
तुकडा परत टांगताना
त्यांनी खिळा दोनदा चाचपला.

पाइपेचं तोंड दुसरीच्या कमरेला बसेपर्यंत कानशीनं घासलं,
मधून उजेड दिसेनासा होईपर्यंत.
रॉड भट्टीत सुकवले; ओल आत राहिली
तर टाका त्या दिवशी हसतो, दुसऱ्या दिवशी तडकतो.
पहिला सांधा असा आला की मीच बघत बसले,
एकावर एक ठेवलेल्या चवल्या जशा.
काप, उस्ताद म्हणाले.
कापला. आत केसाएवढी काळी रेघ.
मुळाशी मी पोचलेच नव्हते.

दुसरा कापला. रेघ, पण अर्धी.
तिसरा व्हाइसमध्ये धरून घणानं हाणला,
वाकत वाकत नालेसारखा झाला, चिरला नाही.
"जो झुकता ना बेटा, वो बताके टूटता."
एवढं लांब वाक्य त्या आठवड्यात त्यांचं एकच.

चौथा कापायचा नव्हता.
चौथ्यावर भरवसा ठेवायचा होता,
ते हाताला जास्त अवघड गेलं.
त्रिकोणी पट्ट्या लावल्या, राखेत पुरला,
रात्रभर गच्चीवरून मी आभाळाकडं नाही,
खाली दुकानाच्या कुलपाकडं बघत होते.

अंबड रोडला घेतली. वीसच्या वर नाही.
उस्ताद डावीकडं बसले, त्याच चाकावर,
चप्पल काढून, उघडा तळवा
गाडीच्या पत्र्याला लावून.
पहिला खड्डा. दुसरा. पुलाच्या तोंडाशी तो मोठा,
ज्यात मागच्या महिन्यात ट्रॅक्टर बसला होता.

काही बोलले नाहीत.
पूल गेला, पेट्रोल पंप गेला,
टपरीच्या अलीकडं कुठंतरी
त्यांनी चप्पल परत पायात घातली.