ऐकू येत नाही, चालू आहे

तारामुंबरीच्या जेटीवर दुपारी दोनला
लाद्या फोडायचं मशीन बंद पडलं,
आणि नेमका तेव्हाच भाच्याचा फोन आला.
फिनलंडहून. तिथे साडेदहा, आणि महिनाभर
सूर्य उगवलेला नाही म्हणे.
अंधारात त्याने गाडी दाखवली:
मागे रबरी पट्टा, पुढे दोन पाट,
बर्फावर चालणारी, आणि बॅटरीवर.

"ऐक, मामा."
"काय ऐकू?"
"ह्यांच. गाडी चालू आसा."

मी फोन उजव्या कानाला लावला.
डावा कान दोन सिलिंडरच्या डिझेलने
केव्हाच खाऊन टाकलाय.
ऐकू आलं ते इतकंच:
मिठागरात कुणी अनवाणी चालावं
तसं काहीतरी, लांब लांब जाणारं.

सुयोग कोयंडे पर्यटकांना रानात नेतो.
म्हणाला, धूर नाही, कुणाचं डोकं दुखत नाही,
रेनडिअर मान वर करतात, बघतात,
पुन्हा चरायला लागतात.
मूठ पिळली की ओढ जागच्या जागी.
मला माझ्या दोऱ्या आठवल्या,
सहा सहा वेळा खेचायच्या,
सातव्यांदा इंजिनाच्या आईचा उद्धार.
हेवा वाटला. खोटं कशाला बोलू.

चार दिवसांनी पुन्हा फोन. आवाज बसलेला.
उणे तीसमध्ये बॅटरी अर्धीच उरते.
कंपनीने लिहिलेले किलोमीटर
कंपनीच्या गरम खोलीतले.
एक पाहुणा म्हणाला, आणखी थोडं पुढे,
आणि परतताना गाडी शांतपणे थांबली.
शांतपणे, हा शब्द त्याने दोनदा वापरला.
मऊ बर्फात रुतली, चौघांना उचलेना,
चालत आले, पापण्या गोठलेल्या.
दुसऱ्या दिवशी तिला ओढून आणायला
पेट्रोलची जुनी गाडी गेली, खोकत, थुंकत.
"आणि चार्ज खंय करतास?"
"रानातल्या खोपीत जनरेटर आसा."
"डिझेलचो?"
तो हसला. म्हणाला, रानात
तेवढाच एक ऐकू येतो.

आमच्याकडेही गेल्या साली एक माणूस आला होता,
इस्त्रीची पँट, पातीला लावायचं बॅटरीचं इंजिन.
खाडीत एक फेरी मारून दाखवली.
बगळा हललासुद्धा नाही.
मी विचारलं, खारं पाणी?
म्हणाला, सील आहे.
विचारलं, वादळात चार दिवस लाईट जाते तेव्हा?
म्हणाला, सौर पॅनेल आहे.
विचारलं, बंद पडायच्या आधी हे काय बोलतं?
त्याने चार हिरवे दिवे दाखवले.

दिवे मला वाचता येतात, प्रश्न तो नाही.
पस्तीस वर्षं मी या जेटीवर
आवाजावर पोट भरलंय.
बेअरिंग दात खातं, नोझल शिंकतं,
पंप सुकला की रडतो, आणि मी
चहाच्या टपरीवरून सांगतो
कोणाची होडी आज परत येताना ओढून आणावी लागणार.
खोकल्याशिवाय मरणारं यंत्र
मी अजून उघडून पाहिलेलं नाही.
पाहीनही. स्क्रू कुठे असतो तेवढं कळलं की झालं.
आणि हा डावा कान तर
सगळीच इंजिनं विजेची समजून बसलाय.

संध्याकाळी सुलभा बर्फ न्यायला आली, टोपलीत बांगडे.
"काय म्हणता तो?"
"गाडी आवाज करणा नाय म्हणता."
"आणि थंडी?"
मी सांगितलं, उणे तीस.
तिने लादीचा एक तुकडा उचलला,
मूठ मिटली आणि उभी राहिली.
मी मनात आकडे मोजत होतो.
एकवीसला तिने मूठ उघडली,
तळवा लाल, आणि पाणी बांगड्यांवर गळत.
"हातमोजे चांगले घेतल्यान ना, विचार त्येका."

मी फोन काढला,
तेवढ्यात दुरुस्त झालेलं मशीन चालू झालं,
लादी कडाडून फुटली,
आणि पुढचं जे ती बोलली
ते मी ओठांवरून वाचलं.