चौतीस यार्ड

मी सेंटर.
म्हणजे वाकायचं, चेंडू दोन पायांतून मागे द्यायचा
आणि मान वर करायच्या आत
समोरचा छातीवर आदळलेला असतो.
चार महिने मी हा खेळ असाच पाहिला:
ओवेस मुकादम, डोकं खाली, पाय आभाळात,
त्याच्या मागे मैदानाची भिंत,
तिच्यावर उलटं ‘येथे कचरा टाकू नये’
आणि भिंतीपलीकडे माहुलची रिफायनरी,
तिची ज्योत खाली लोंबणारी.

चेंडू पहिल्यांदा घरी नेला
तेव्हा आईने हातात घेऊन दाबून पाहिला.
‘ही गाबोळी कंच्या मावऱ्याची रं?’

खरात सर मूळचे खो-खोचे.
रात्री मोबाइलवर बघून बघून
त्यांनी नियम वहीत उतरवले.
चार डाव, दहा यार्ड.
नाही जमलं तर चेंडू त्यांचा.
बाकी संसारासारखं, म्हणाले, ढकलत राहायचं.
हेल्मेटं अकरा, आम्ही एकोणीस.
माझ्या डोक्याला दिवसभर
भावेश वाघेलाच्या आवळा तेलाचा वास.

पहिली मॅच अंधेरीला. अडतीस-शून्य.
शून्य कोणाचं ते विचारू नका.
दुसरी झालीच नाही,
मैदान कुणाच्या तरी हळदीला दिलेलं.
दुसऱ्या दिवशी मांडवाचे खिळे वेचत बसलो,
केटररने उरलेल्या जिलब्या दिल्या.
तिसरी पार्ल्यात, सहा-सात.
जोएल तुस्कानोची किक खांबाला लागून बाहेर.
दोन दिवस तो कॉलेजला फिरकला नाही,
तिसऱ्या दिवशी आला तो वसईहून सुकेळी घेऊन,
दंड भरायला आल्यासारखा.
चौथीला समोरचा संघच आला नाही.
सर म्हणाले, जिंकलात.
आता काय करतात, कोणालाच माहीत नव्हतं.
भावेश म्हणाला, फोटो तरी काढू.
त्या फोटोत मी वाकलेलाच आहे, सवयीने.

आणि पाचवी.
आमचंच मैदान, जानेवारीची धूळ,
बाजूला क्रिकेटचे सात सामने एकमेकांत घुसलेले.
सहा-सहा. शेवटची चार मिनिटं.
मी चेंडू दिला, ओवेसच्या बोटांतून तो निसटला,
एक टप्पा डावीकडे, एक भलतीकडे
आणि थेट माझ्या कुशीत.

पहिल्यांदाच तो कुणाला द्यायचा नव्हता.
उठलो. चहूकडे गुडघे, कोपरं, शिव्या.
मग एका फटीतून भिंत दिसली,
अक्षरं सुलट, ज्योत वर.
त्या सगळ्या गोंधळात
माझ्या ओळखीचं तेवढंच होतं.
मी तिच्याकडे पळालो.

शंभर किलोचा माणूस पळतो
तेव्हा लोक आधी हसतात, मग बाजूला होतात.
लाँग-ऑनचा पोरगा झेल सोडून बघत राहिला.
मागून ओवेस ओरडत होता, केणी, अरे केणी.
मला वाटलं, कौतुकाने.
त्याने कंबर धरली तोवर
मी रेघ ओलांडली होती.
आमचीच रेघ.
दोन गुण त्यांना. आठ-सहा.

कोणी काही बोललं नाही.
ओवेस बराच वेळ एकाच बुटाची नाडी सोडत बसला.
जोएलने बॅगेतून पुडी काढली,
तळाशी दोन सुकेळी उरली होती,
मोठं माझ्यापुढे केलं.

सोमवारी हेल्मेटं मोजून जिमखान्यात परत दिली.
टेबलावर सरांची वही उघडी होती,
हंगामाचा हिशेब, तिरक्या अक्षरात.
सर्वांत लांब धाव: केणी, चौतीस यार्ड.
दिशेचा रकाना त्यांनी आखला नव्हता.

घरी तेवढंच सांगितलं.
आई कोयता धूत होती.
‘चौतीस म्हंजे किती?’
म्हटलं, आपल्या दारापासून
खाडीच्या पायरीपर्यंत.
‘आन परत?’