लांडगा नव्हता

शाळेच्या भिंतीवर माझं चित्र लावलंय मुलांनी.
त्यात मी उंच आहे, हातात जळतं लाकूड,
आणि समोर लांडगा,
दात करवतीसारखे, डोळे पिवळ्या खडूचे.

छान काढलाय. पण लांडगा नव्हता रे.
लाकूडही नव्हतं. त्या उंचीवर झाडच उगवत नाही,
जाळायला शेण असतं, तेही कोरडं मिळालं तर.

मी अकरा वर्षांची. तोक्तोसून सहाचा.
हे नाव आपल्यात कुणाला ठेवतात, ठाऊक आहे ना?
आधीची पोरं राहिली नाहीत
की पुढच्याला म्हणायचं, थांब बाबा, राहा.
तो थांबला होता, आणि त्याचा त्याला भलताच माज होता.

ऑक्टोबर संपत आलेला. कळप खाली उतरवताना
एका शिंगाची म्हातारी याक मागे राहिली.
वडील म्हणाले, खिंडीपर्यंत बघून ये.
खिंडीपर्यंत.
मी खिंडीच्या पलीकडे गेले.
ही पहिली चूक. ती चित्रात नाही.
दुसरी म्हणजे, भाऊ मागोमाग येताना दिसला
आणि मी त्याला परत हाकललं नाही. सोबत हवी होती.

वादळ आलं, असं म्हणतात. आलं काही नाही.
आधी समोरचा डोंगर गेला, मग वाट,
मग माझेच बूट.
याक मात्र सापडली, म्हणजे मी तिच्यावर आपटले.
वाऱ्याकडे पाठ करून ती बसली होती,
जणू कुणी यायचं बाकी होतं.
तिच्या पोटाच्या केसांत आम्ही शिरलो.
उग्र वास. आजही तो आला की मला झोप लागते.

खिशात सात कुरुत होते. एक गालात धरला
तर अर्धी रात्र पुरतो, तुम्हाला माहीत आहे.
त्यानं पहिला कडाकडा चावून संपवला
आणि दुसऱ्यासाठी भोकाड पसरलं.
झोपू नये म्हणून मी त्याला चिमटे काढले,
थोबाडीत मारल्या, दोन जरा जास्तच जोरात.

आता सांगते ते तुमच्या बाईंनाही ठाऊक नाही.
दुसऱ्या रात्री तो रडायचा थांबला
आणि मी उठले. मदत आणते, म्हणाले.
कुणाला म्हणाले कोण जाणे.
चाळीस पावलं गेले. मोजली होती.
मदत वगैरे काही नाही, मला फक्त
तो गप्प झालेला ऐकायचा नव्हता.

मग मागून, वाऱ्यातून, बारीक आवाज:
"चोरटे! माझा कुरुत घेऊन पळतेस!"

शौर्यानं नाही परतले. राग आला म्हणून परतले.
मला चोर म्हणतो!
त्याच्या शिव्यांचा माग काढत आले,
त्या चाळीस पावलांना किती वेळ लागला, विचारू नका.

तिसऱ्या सकाळी आभाळ धुतल्यासारखं.
याक उठली, अंग झाडलं, आमच्याकडे न बघता
उतरणीला लागली. आम्ही तिची शेपटी धरली.
खाली वडील घोड्यावर. त्यांनी आधी तिच्याकडे पाहिलं,
मग आमच्याकडे,
मग घोड्याच्या आयाळीत तोंड लपवलं.

डाव्या पायाची दोन बोटं गेली माझी.
तोक्तोसून आता नारिनच्या रस्त्यावर ट्रक चालवतो,
अजून सांगत फिरतो, तिनं चार खाल्ले, मला तीन.
खरं आहे ते.

मागच्या बाकावरची शेंबडी मुलगी हात वर करते.
"आणि याकचं काय झालं?"

बाई खुणावतात, घंटा व्हायला आलीय.
पण तिनं नेमकं विचारलंय.
म्हातारी होती. त्याच हिवाळ्यात कापली तिला.
चरबी वितळवून माझ्या पायाला लावली.
मांस चिवट होतं. मी खाल्लं.
रडले, आणि पुन्हा वाढून घेतलं.

वर्ग गप्प.
मग तीच मुलगी खडू घेऊन उठते, भिंतीपाशी जाते,
आणि लांडग्याच्या डोक्यावर
एक शिंग काढते.