सतरा नंबरची नळी

पहाटे पाच. गुलजमीर गाडी बंद करत नाही.
मी फुटपाथवरचं लोखंडी झाकण उचलतो
आणि फीत सोडतो खाली.
टोकाला पाणी लागलं की ती ओरडते,
टिटवीसारखी, एकदाच.
मी आकडा लिहितो : दोन मीटर दहा.
मागच्या महिन्यात दोन मीटर पंचवीस.
पाणी वर येतंय.

हे वाक्य पहिल्यांदा लिहिलं तेव्हा
हात चुकला वाटून मी ते खोडलं होतं.
जालन्याच्या कचेरीत अकरा वर्षं
मी फक्त खाली जाणारे आकडे लिहिले.
मे महिन्यात फीत संपायची
आणि टिटवी मुकीच.

मामा माझा पाणाड्या.
तळहातावर आडवा नारळ घेऊन शेतं तुडवायचा,
नारळ उभा राहिला की म्हणायचा, इथं. साठ फुटांवर.
कधी लागायचं. कधी मुरूम, मग काळा पाषाण,
मग नुसता चहा.
त्याला दोह्यात आणला असता
तर नारळ दिवसभर खाली बसला नसता.

इथे पाया खणताना पाणी लागलं
तर कुणी पेढे वाटत नाही,
मुकादम कपाळाला हात लावतो.
रात्रंदिवस पंप, रस्त्याकडेनं निळे पाइप,
त्यांच्या गळक्या सांध्यांशी
कबुतरं अंघोळ करतात.

पाणी कुठलं? समुद्राचंच.
मीठ काढलेलं, नळात घातलेलं,
मग हिरवळींवर, दुभाजकातल्या खजुरांवर,
फुटक्या जोडांतून, मैल्याच्या टाक्यांतून
चुनखडीच्या भेगांत उतरलेलं.
कुठेतरी पाणी मुरतंय, असं आपण
डोळे मिचकावून म्हणतो.
इथे तेच अहवालात लिहावं लागतं,
रकाना चौथा : गळती, अंदाजे.
आड कधीच बुजवले यांनी,
आणि पोहरा भरून वाहतोय.

सतरा नंबरची नळी उम्म खलफानच्या अंगणात.
तळघरात घोटाभर पाणी,
त्यात मुलाचं व्यायामाचं यंत्र,
गुंडाळून ठेवलेले गालिचे, फुगलेले,
मेलेल्या मेंढ्यांसारखे.
ती माय, माय म्हणत होती.
मला वाटलं आईला हाक मारतेय.
त्यांच्या बोलीत पाण्याला माय म्हणतात,
हे गुलजमीरनं मागाहून सांगितलं.

कहवा दिला. मग म्हणाली,
माझी आई विहिरी चवीनं ओळखायची.
ही शेळ्यांची, ही भांड्यांची,
आणि ती लांबची, गोडी, फक्त पाहुण्यांची.
आम्हा पोरांना तिच्यातलं मिळायचं
ते पाहुण्याच्या पेल्यात उरलं तर.
ही कुठली रे?
तिनं बोट माझ्या बाटलीकडे केलं.

मी यंत्र बुडवलं. क्षार अकरा हजार,
नायट्रेट विचारू नका.
मोडक्या अरबीत म्हणालो,
शेळ्यांचीही नाही. कुणाचीच नाही.
ती बाटली उन्हात धरून बघत राहिली.
स्वच्छ दिसत होतं, आरपार.
मग म्हणाली, म्हणजे पाहुणीच की ही.
न बोलावता आलेली.

अहवालात मी लिहिलं :
खोल निचरा-नळ्या, वाळूची गाळणी,
उपसलेलं पाणी परत समुद्रात.
गुलजमीरनं विचारलं, म्हातारी काय म्हणाली?
मी म्हटलं, काही नाही, पुढे घे.

पंप बसले. गालिचे रस्त्यावर वाळत पडले,
कुणी उचलले नाहीत.
आज पहाटे फीत सोडली, सवयीनं कान दिला.
टिटवी उशिरा ओरडली.
दोन मीटर चाळीस.
पाणी खाली जातंय, मी लिहिलं.
चांगली बातमी. वरिष्ठ खूश होतील.
तरी पेन तिथंच थांबलं थोडं,
जालन्याचा हात,
खाली हा शब्द त्याला अजून
शुभ वाटत नाही.