खुर्चीचे वेगळे

शुक्रवारी दुपारी रुवीत कंपन्यांच्या बसगाड्या
माणसं सांडून जातात आमच्या फोटोच्या दुकानापाशी.
एसीचं पाणी डब्यात ठिबकतं. समोर बोडका तपकिरी डोंगर.
दत्ताराम घाणेकर, क्रेनवाले, मोबाइल पुढे करतात:
“पोरीच्या लग्नातला आहे. मला घाला ह्याच्यात.”

आधी मी त्यांना खोलीच्या भिंतीतून कापून काढते.
मागे उरतात पांढऱ्या-करड्या चौकटी.
“फरशी बरी आहे,” म्हणतात.
फरशी नाही काका, तिथे काहीच नाही.
काही नाही हे दिसावं म्हणून तसं दाखवतात.

मग कडांना कुलूप.
आता ब्रश कितीही सुसाट फिरवा,
रंग माणसाबाहेर जात नाही.
पेणच्या कारखान्यात ही सोय नव्हती;
पितांबराचा पिवळा मांडीवर उतरला
की सुमतीकाकू कुंचल्याचा दांडा मारायची बोटांवर.
हेल्मेटखाली गोरं राहिलेलं कपाळ
मी गालांच्या रंगावर आणते.
“एवढा काळा झालोय?”
मांडवातलं ऊन आहे ते, मी सांगते.

लेकीच्या डाव्या हाताला जागा आहे.
तिथे लाल प्लास्टिकची खुर्ची,
सगळे दाटीवाटीनं उभे आणि ती रिकामी.
त्यांना तिथे ठेवलं तशी ती झाकली गेली.
ते पडद्याच्या अगदी जवळ आले.
“ती घालवू नका. माझ्यासाठी ठेवलीय त्यांनी.”

म्हणजे उलटा उद्योग.
थर खाली सरकवला. खुर्ची पुढे, माणूस मागे.
पाठीच्या पट्ट्यांमधून शर्ट दिसायला हवा,
तेवढा मागून भरला, एकेक फट.
असा एक ब्रश असतो, फक्त रिकाम्या जागी लागतो;
जे आहे त्याच्यावरून नुसता जातो,
मुंडावळ्यांवरून, हळदीच्या बोटांवरून,
कशालाही न लागता,
पहाटेच्या एसटीनं आलेला माणूस
झोपलेल्या घरातून चालतो तसा.

पेणला मूर्तीच्या पाठीला आम्ही एकच हात मारायचो.
कोण बघतंय.
इथे मागचंच काम जास्त.

प्रिंट गरम असतानाच त्यांनी धरली.
खुर्चीच्या पाठीवर टेकलेला हात त्यांचा नव्हता.
त्यांचे दोन्ही खिशात होते,
मी दुसऱ्या कुणाचा तरी घेतलेला.
ते त्या हाताकडे बराच वेळ बघत राहिले.
अर्धा रियाल काचेवर ठेवला,
दारापर्यंत गेले, वळले.

“खुर्चीचे वेगळे होतात का?”