गुरुवारी

गुरुवारी केस धुऊ नयेत, आई म्हणायची.
आमच्याकडे गुरुवारी आकडे येतात.

घोडबंदर रोडच्या आत, त्या बंगल्यात
ज्याच्या जिन्याला वरचा मजलाच नाही,
आकडा कुणी मोठ्यानं सांगत नाही.
तो चहात दिसतो.
चार पूर्णांक आठ होता तेव्हा इरावतीताईंना
कपबशी यायची, बशीत दोन खारी.
आता कागदी कप येतो,
आणि चहावाला पोरगा सेल्फीसाठी घुटमळत नाही.

मी केस करते.
अकराशे बेचाळीस भाग हाच अंबाडा,
कानामागची हीच पिन.
घराघरातली सून, असं लिहिलं होतं
माजिवड्याच्या पुलाजवळच्या बोर्डावर,
हातात तूरडाळीचं पाकीट देऊन.
परवा तिच्यावर कुणा बिल्डरचे तेवीस मजले चढले.
वारा सुटला की खालून
डाळीच्या पाकिटाचा कोपरा तेवढा दिसतो.

गेल्या गोकुळाष्टमीला नऊ थरांची हंडी होती, ठाण्यातली.
यंदा कळव्याची, पाच थरांची.
तीही हिमानी नाही म्हणाली म्हणून.

हिमानी गुप्ते. शेजारचा फ्लोअर. आठचा स्लॉट आता तिचा.
दोघी एका खोलीत राहायच्या, वर्तकनगरला.
एकच काळा ड्रेस,
आलटूनपालटून ऑडिशनला.
हे मला दोघींनी वेगवेगळं सांगितलंय.
दोघींच्याही गोष्टीत ड्रेस स्वतःचा.

सकाळी मी तिकडे असते, दुपारनंतर इकडे.
कंगवे वेगळे ठेवते,
तोंड त्याहून वेगळं.

आज आरशात बघत इरावतीताईंनी विचारलं.
आकडा नाही विचारला.
"तिचेही गळतात का गं?"
माझ्या दातांत पिना होत्या.
दातांत पिना असल्या की
खोटं बोलावं लागत नाही. खरंही.

गळतात. मूठ मूठ.
रोज त्या तापल्या सळईवर गुंडाळायचे, मग काय होणार.

कोलशेतला आमच्या गल्लीत केसवाला येतो,
एवढासा तराजू, पाठीला भांडी.
दोघींचे मी एकाच पिशवीतून दिले.
पहिल्या नंबरचे कुठले, त्यानं विचारलं नाही.
झटकले, स्प्रेच्या वासानं नाक मुरडलं,
आणि अडीच महिन्यांच्या गळतीवर
एक स्टीलची वाटी दिली,
बूड जरा वाकडं. बदलून दे म्हटलं तर
म्हणाला, बाई, केस पण रंगवलेलेच आहेत.

तीत रात्री मेथी भिजवते.
सकाळी वाटून अर्धी तिकडे, अर्धी इकडे.
हिमानी म्हणते, शी, वास येतो.
इरावतीताई म्हणतात, अजून थोडी लाव.

"शॉट रेडी," खालून कुणी ओरडलं.
त्या उठल्या, पदर खोचला,
जिना चढल्या अकराव्या पायरीपर्यंत.
पुढं प्लायवूड, आणि एक लाइटवाला, जांभई देणारा.
तिथं वळल्या,
आणि वरच्या मजल्यावर खूप काम उरकून आल्यासारख्या
उतरू लागल्या.