दोरा

फतेहगंजच्या प्रयोगशाळेत, पहाटे साडेपाचला
कोश फोडून निळी माशी बाहेर येते.
निळी कसली अजून,
भिजवून सोललेल्या बदामासारखी.

पंख उलगडायच्या आत
तिच्या मानेला दोरा आवळायचा.
रीळ आईच्या शिवणाच्या डब्यातलं,
दांडिया बाजारातून न विचारता आणलेलं.

मेंदूतून निघालेला निरोप,
अमिनो आम्लांची एवढीशी माळ,
गाठीपाशी अडतो.
धड मरत नाही.
पाय हलवतं, जागच्या जागी.
फक्त टणक होत नाही,
रंग धरत नाही.

मग दुसरीचं,
नुकत्याच काळवंडू लागलेल्या माशीचं
रक्त, थेंबाहून कमी,
सुईनं हिच्या पोटात.
घाटगे सर घड्याळ लावून
बडोद्याची सकाळ बघायला गच्चीवर जातात.

मी बसून राहते.
आधी कडा तपकिरी,
मग पोटावरचा एकेक पट्टा,
कढईत साखर करपावी तसा.
वहीत लिहिते:
माशी क्रमांक एकेचाळीस. होकारार्थी.
डोक्याला यातलं काही कळलेलं नाही.

सातला आईचा फोन.
"पांढरं रीळ कुठं दिसलं का गं?
ब्लाउजला हुक लावायचेत."
नाही, मी म्हणते,
आणि मान चोळते.